कोकणात राहून एलएलएमचं डिझर्टेशन कसं लिहावं

रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे तिन्ही जिल्हे मुंबई विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात येतात. इथला विद्यार्थी बऱ्याचदा तालुका कोर्टात प्रॅक्टिस किंवा कुठेतरी नोकरी सांभाळून एलएलएम (कायद्याची पदव्युत्तर पदवी) करतो. गाईड शहरात, मोठी लायब्ररी शहरात, आणि आपण चिपळूणला किंवा कुडाळला. त्यामुळे डिझर्टेशन (पदवीसाठीचा प्रबंध) म्हटलं की बरेचजण इंटरनेटवर जे सापडेल त्यावर भागवतात. मग 'भारतातील पर्यावरण कायदा : एक अभ्यास' अशा नावाचं दीडशे पानांचं बाड तयार होतं. त्यात नवीन काही नसतं आणि व्हायव्हाला (तोंडी परीक्षेत) पहिल्याच प्रश्नाला ते उघडं पडतं.

खरं तर आपल्या हाताशी असलेला कागद मुंबईच्या कुठल्याही लायब्ररीत मिळत नाही. तहसील कचेरीतली कुळकायद्याची प्रकरणं, मत्स्यव्यवसाय खात्याचे दंडाचे आदेश, तलाठी दफ्तरातले फेरफार, जिल्हा न्यायालयातले निकाल हे सगळं इथेच आहे. म्हणून विषय निवडताना एकच कसोटी आधी लावा: मूळ कागद सकाळच्या एसटीने जाऊन संध्याकाळी परत येईपर्यंत पाहता येईल का? येत असेल तर पुढचं वाचा. नसेल तर विषय बदला.

विषयाचा प्रश्न करणे

'सागरी मासेमारी आणि कायदा' हा विषय झाला. त्यावर लिहिता येईल, पण उत्तर देता येणार नाही, कारण काही विचारलेलंच नाही. त्याला चार ठिकाणी कापा: कायदा कोणता, कालखंड कोणता, ठिकाण कुठलं, आणि कार्यवाहीचा कुठला टप्पा.

उदाहरण घेऊ. कायदा : महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम, १९८१. कालखंड : २०२१ च्या दुरुस्तीनंतरचा. या दुरुस्तीने या कायद्याखालच्या प्रकरणांत निवाडा देण्याचं काम तहसीलदारांकडून काढून मत्स्यव्यवसाय खात्याच्या अधिकाऱ्यांकडे दिलं. ठिकाण : सिंधुदुर्ग जिल्हा. टप्पा : दंडाचा आदेश. आता प्रश्न असा होतो: '२०२१ च्या दुरुस्तीनंतर सिंधुदुर्गात विनापरवाना पर्ससीन मासेमारीच्या प्रकरणांत दंड ठरवताना अधिकाऱ्यांनी कोणती कारणं नोंदवली, आणि ती कारणं सकारण आदेशाच्या कसोटीला उतरतात का?'

(पर्ससीन म्हणजे माशांचा थवा घेरून आवळणारं मोठं जाळं, आणि सकारण आदेश म्हणजे निर्णयामागची कारणं लिहिलेला आदेश.) हा प्रश्न ऐकायला लहान वाटतो. लहानच हवा. त्याच्या एका बाजूला सर्वोच्च न्यायालयाची ठरलेली कसोटी आहे, दुसऱ्या बाजूला खात्यातले आदेश आहेत, आणि एक दुसऱ्याशेजारी ठेवून पाहायचं आहे. मुख्य म्हणजे उत्तर 'हो' येईल की 'नाही' हे आज माहीत नाही. ज्या प्रश्नाचं उत्तर सिनॉप्सिस (कामाचा सुरुवातीचा आराखडा) लिहितानाच माहीत असतं ('कायदा चांगला आहे पण अंमलबजावणी होत नाही' हे सगळ्यांचं आवडतं), त्यावर सहा महिने घालवू नका.

इथल्या मातीतले आणखी काही विषय आणि त्यातल्या खाचाखोचा:

कुळकायदा. कलम ४३ च्या २०१४ च्या दुरुस्तीनुसार, कलम ३२म चं (कुळाने जमीन विकत घेतल्याचं) प्रमाणपत्र मिळून दहा वर्षं झाली असतील तर शेतसाऱ्याच्या ४० पट रक्कम भरून जमीन विकता येते. एका तालुक्यात या तरतुदीचा वापर कसा झाला हे तपासण्याजोगं आहे. शोधताना लक्षात ठेवा, या कायद्याच्या नावात आधी 'मुंबई' होतं, आता 'महाराष्ट्र' आहे. जुने निकाल जुन्या नावाने आहेत. दोन्ही नावांनी शोधलं नाही तर अर्धे खटले निसटतात.

खोती, म्हणजे खोतामार्फत सारावसुलीची कोकणातली जुनी पद्धत. १८८० चा खोती सेटलमेंट कायदा, १९३७ मध्ये डॉ. आंबेडकरांनी मुंबई विधिमंडळात मांडलेलं खोती निर्मूलनाचं विधेयक, १९३३ ते १९३९ चा चरीचा शेतकरी संप, मग १९४९ चा निर्मूलन कायदा, असा भरगच्च इतिहास आहे. पण इतिहासात वाहून गेलात तर ते कायद्याचं डिझर्टेशन राहत नाही. शिवाय जुनं दफ्तर मोडीत असतं. मोडी वाचता येत नसेल तर हा विषय दुसऱ्याला सोडा.

हापूसचं भौगोलिक मानांकन. २०१८ मध्ये नोंदणी झाली. नोंदणीवर लिहिणारे खूप आहेत. अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदलेल्या बागायतदाराला उल्लंघनाविरुद्ध प्रत्यक्षात काय करता येतं, यावर फार कमी. लिहायचंच तर या कमी लिहिल्या गेलेल्या प्रश्नावर लिहा.

कायदा कोणत्या तारखेचा?

नवख्या डिझर्टेशनमधली सगळ्यात महाग चूक इथे होते, म्हणून यावर जरा थांबतो.

किनारा नियमन क्षेत्र, म्हणजे सीआरझेड, घ्या. पर्यावरण (संरक्षण) अधिनियम, १९८६ खाली तीन अधिसूचना झाल्या: १९ फेब्रुवारी १९९१, ६ जानेवारी २०११ आणि १८ जानेवारी २०१९. तिन्हीत अंतरं वेगळी, वर्गवारी वेगळी. २०१९ च्या अधिसूचनेत ग्रामीण किनाऱ्याचे दोन भाग पडतात. २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्येची घनता चौरस किलोमीटरला २१६१ पेक्षा जास्त असेल तर ना-विकास पट्टा भरतीरेषेपासून ५० मीटर, कमी असेल तर २०० मीटर. त्याच जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्याची सरासरी घनता होती १९७ आणि सिंधुदुर्गची १६३. म्हणजे '२०१९ ने मर्यादा ५० मीटरवर आणली' हे वाक्य वर्तमानपत्रात खपलं तरी आपल्या बहुतेक गावांना ते लागू पडत नाही. त्यातच २०१९ ची अधिसूचना त्या त्या भागाचा सुधारित किनारा व्यवस्थापन आराखडा मंजूर झाल्यावरच तिथे लागू होते. तोवर जुन्या आराखड्यावर कारभार चालतो.

तेव्हा दोन गोष्टी करा. पहिली, प्रत्येक प्रकरणासमोर लिहा: घटना कधीची, तेव्हा कोणता कायदा लागू होता. दुसरी, प्रबंधाच्या पहिल्याच प्रकरणात (चॅप्टरमध्ये) एक कट-ऑफ तारीख जाहीर करा: 'या प्रबंधातील कायद्याची स्थिती अमुक तारखेपर्यंतची आहे.' सबमिशनच्या साधारण दोन महिने आधीची तारीख सोयीची पडते. त्यानंतर काही बदललं तर एका परिशिष्टात दोन परिच्छेद लिहायचे, आख्खा प्रबंध उसवायचा नाही.

फौजदारी विषय असेल तर १ जुलै २०२४ ही रेघ विसरू नका. त्याआधीच्या गुन्ह्याला भारतीय दंड संहिता, नंतरच्या गुन्ह्याला भारतीय न्याय संहिता. सगळीकडे ४२० च्या जागी ३१८(४) टाकणारे 'शोधा आणि बदला' बटण भयंकर आहे. २०१५ च्या खटल्यातही ते नवं कलम घुसवतं.

उच्च न्यायालयाच्या बाबतीतही एक नवी गोष्ट आहे. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालं. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग त्याच्या कक्षेत गेले, रायगड मुंबईलाच राहिला. कोकणभर पसरलेला विषय असेल तर निकाल दोन्हीकडे शोधावे लागतील.

सिनॉप्सिस

आठ ते दहा पानं पुरतात. त्यात प्रश्न, त्याची पार्श्वभूमी, आधी झालेलं काम, गृहीतक, पद्धत, प्रकरणांची योजना आणि प्राथमिक संदर्भ एवढं असतं. विद्यापीठाचा ठरलेला नमुना असेल तर तोच वापरा, त्यात डोकं चालवू नका.

अडखळायला होतं ते गृहीतकात. गृहीतक खोटं ठरण्याची शक्यता असलेलं विधान हवं. 'मच्छीमारांच्या समस्या गंभीर आहेत' हे गृहीतक नाही. 'तपासलेल्या आदेशांपैकी बहुसंख्य आदेशांत दंडाची रक्कम ठरवण्याचं स्वतंत्र कारण नोंदवलेलं नाही' हे आहे, कारण आदेश वाचल्यावर ते खोटं ठरू शकतं. खोटं ठरलं तरी डिझर्टेशन नापास होत नाही. तसं प्रामाणिकपणे लिहिणाऱ्याला परीक्षक उलट मान देतात.

आधीचं काम शोधायला शोधगंगा हा प्रबंधांचा ऑनलाइन संग्रह पाहा, पण तिथे मुख्यत्वे पीएचडीचे प्रबंध असतात. एलएलएमची डिझर्टेशन विभागाच्या लायब्ररीत कपाटात पडलेली असतात. एक दिवस काढून मागच्या पाच वर्षांची शीर्षकं तिथे जाऊन उतरवून आणा. गाईडचा 'हे आधी झालंय' हा शेरा तिसऱ्या महिन्यात ऐकण्यापेक्षा हे बरं.

मराठीत लिहायचं असेल तर परवानगी आहे का, ते सिनॉप्सिस देण्याआधीच लेखी विचारून घ्या.

गाईड

गाईडला तुमच्या कल्पना ऐकायला वेळ नसतो, पानं वाचायला असतो. भेटीआधी चार दिवस काहीतरी लिहिलेलं पाठवा, मग ते दोनच पानांचं का असेना. 'सर, एकदा भेटायचं होतं' एवढ्याच मेसेजला उत्तर न येण्यात सरांचा दोष नाही. त्यापेक्षा असं लिहा:

'सर, नमस्कार. दुसऱ्या प्रकरणाचा मसुदा ई-मेलने पाठवला आहे, बारा पानं. पान ७ वर दुरुस्तीपूर्वीची जुनी प्रकरणं घ्यावीत की नाही याबद्दल तुमचं मत हवं आहे. मी शुक्रवारी विभागात येणार आहे, दुपारी दोननंतर दहा मिनिटं चालतील का?'

यात काय वाचायचं, कुठे अडलंय आणि किती वेळ लागेल हे सगळं आलं. भेट झाल्यावर त्याच दिवशी ठरलेले मुद्दे ई-मेलने कळवा. हा अविश्वास नव्हे. एका गाईडकडे बरेच विद्यार्थी असतात आणि महिन्याभरापूर्वी तुम्हाला काय सांगितलं हे त्यांना आठवण्याचं कारण नाही. एखादी सूचना पटली नाही तर गप्प बसून जुनंच पुढे ढकलू नका. कारण लिहून कळवा. बहुतेक वेळा मधला मार्ग निघतो. गाईड ऐन वेळी रजेवर गेले किंवा बदलले तर हाच पत्रव्यवहार नव्या गाईडसमोर ठेवता येतो.

कागद मिळवणं

माहिती अधिकाराचा अर्ज पहिल्याच महिन्यात टाका. अर्जाचं शुल्क दहा रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. उत्तर आलं नाही किंवा नकार आला तर पहिलं अपील ३० दिवसांत करायचं, आणि त्याचा निकाल यायला आणखी ३० ते ४५ दिवस. म्हणजे सुरळीत चाललं तरी साडेतीन-चार महिने हातचे जातात. चौथ्या महिन्यात अर्ज टाकणाऱ्याला कागद मिळतो तो व्हायव्हा झाल्यावर.

महाराष्ट्राच्या नियमांनुसार अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत हवा. 'मासेमारीबाबत सर्व माहिती द्यावी' असं लिहिलंत तर 'माहिती व्यापक स्वरूपाची आहे' असं छापील उत्तर येईल. असं लिहा:

'१ जानेवारी २०२२ ते ३१ डिसेंबर २०२४ या काळात आपल्या कार्यालयाने महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम, १९८१ खाली पारित केलेल्या अंतिम आदेशांच्या छायाप्रती, पक्षकारांची नावे व पत्ते वगळून, मिळाव्यात. प्रती देणे शक्य नसल्यास अभिलेख पाहणीची परवानगी मिळावी.'

'नावे व पत्ते वगळून' हे शब्द मुद्दाम घातले आहेत. वैयक्तिक माहितीच्या सबबीवर कलम ८(१)(जे) खाली अख्खा अर्ज फेटाळला जातो. कलम १० प्रमाणे देता न येणारा भाग काढून उरलेला देता येतो, आणि ते तुम्ही आधीच मागितलेलं असतं. तुम्हाला नावांची गरजही नाही. प्रबंधात 'प्रकरण १', 'प्रकरण २' असे क्रमांक द्या. आपल्याकडे गाव एवढं लहान असतं की नौकेचं नाव लिहिलं तरी मालक कोण ते कळतं, तेव्हा तेही गाळा.

जमिनीचा विषय असेल तर सातबारा ऑनलाइन मिळतो, पण त्यावर थांबू नका. खरी कथा फेरफारात असते. सातबाऱ्यावरच्या 'इतर हक्क' रकान्यात जो फेरफार क्रमांक दिसेल तो पकडून मागे मागे जा. एकेका गटावर वीस-पंचवीस नावं, त्यातली निम्मी मुंबईत, काही मयत होऊनही वारस न लागलेली, हे कोकणात नेहमीचं आहे. म्हणून नमुना निवडताना शंभर गट घेऊ नका. एका गावातले पंधरा-वीस गट मुळापासून पाहिलेले जास्त उपयोगी पडतात.

मुलाखती घ्यायच्या असतील तर माणसाचं वर्षाचं गणित पाहा. जून-जुलैत मासेमारी बंद असते, होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या, जाळी विणणं चाललेलं, तेव्हा मच्छीमार निवांत बोलतो. हंगामात पहाटे लिलावाच्या वेळी वही घेऊन उभे राहिलात तर कुणी ढुंकून पाहणार नाही. बागायतदाराला एप्रिल-मेमध्ये गाठू नका. जमिनीचे सहहिस्सेदार भेटायचे असतील तर गणपती आणि शिमगा, कारण चाकरमानी तेव्हाच गावी असतात. सरकारी कचेरीतलं काम मात्र त्याच दिवसांत काढू नका. साहेबही गावीच गेलेले असतात.

वीस ते तीस मुलाखती एलएलएमला पुष्कळ झाल्या. प्रत्येकाची संमती घ्या, रेकॉर्डिंग करणार असाल तर विचारून करा. आकडेवारीची टक्केवारी काढताना तारतम्य ठेवा: बावीस माणसांतल्या सतरांना '७७.२७ टक्के' म्हणण्यात अर्थ नाही, 'बावीसपैकी सतरा' म्हणा.

निकाल वाचणं

निकालाच्या वर छापलेली हेडनोट (सारांश) ही प्रकाशकाने केलेली असते, ती निकालाचा भाग नव्हे. तिच्यातलं वाक्य अवतरणचिन्हांत घालून न्यायमूर्तींच्या तोंडी देणं ही जाणकार परीक्षकाला लगेच दिसणारी चूक आहे. मूळ निकाल उघडा आणि परिच्छेद क्रमांक टिपा. सर्वोच्च न्यायालयाचे निकाल ई-एससीआरवर फुकट मिळतात, उच्च न्यायालयांचे ई-कोर्ट्सच्या पोर्टलवर. सशुल्क डेटाबेससाठी विद्यापीठाचं लॉगिन घरून चालतं का ते विचारून घ्या. नसेल तर शहरात जाल त्या दिवशी यादी घेऊन बसा आणि सगळं एकदम उतरवून आणा.

आपल्या उदाहरणात कसोटी मिळते ती क्रांती असोसिएट्स वि. मसूद अहमद खान, (२०१०) ९ एससीसी ४९६ या निकालात (एससीसी म्हणजे 'सुप्रीम कोर्ट केसेस' हा निकालसंग्रह). परिच्छेद ४७ मध्ये न्यायालयाने सकारण आदेशाची तत्त्वं एकाखाली एक मांडली आहेत. आता हा परिच्छेद जसाच्या तसा दीड पानभर उतरवून काढू नका. त्यातली आपल्या प्रश्नाला लागणारी चार-पाच तत्त्वं निवडा, त्यांचा तक्ता करा, आणि प्रत्येक आदेश त्या तक्त्यावर तपासा: आदेशात बचावाचं म्हणणं नोंदवलंय का, ते का फेटाळलं हे सांगितलंय का, दंडाच्या रकमेला कारण आहे का. हा तक्ता म्हणजेच तुमच्या डिझर्टेशनचा कणा. बाकी सगळं त्याच्या आधाराने उभं राहतं.

नावावरून फसू नका. 'इंडियन कौन्सिल फॉर एन्व्हायरो-लीगल अ‍ॅक्शन वि. भारत सरकार' या एकाच नावाचे १९९६ चे दोन प्रसिद्ध निकाल आहेत. (१९९६) ३ एससीसी २१२ हा राजस्थानातल्या बिछडीच्या रासायनिक प्रदूषणाचा, आणि (१९९६) ५ एससीसी २८१ हा सीआरझेडच्या अंमलबजावणीचा. किनाऱ्यावरच्या प्रबंधात बिछडीचा संदर्भ चुकून पडलेला पाहिला की समजावं, विद्यार्थ्याने दोन्ही उघडलेले नाहीत.

आदेश अंतरिम की अंतिम तेही बघा. तामिळनाडूच्या पर्ससीन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये प्रादेशिक समुद्राच्या (किनाऱ्यालगतच्या बारा सागरी मैलांच्या) पलीकडे आठवड्यातून दोन दिवस मासेमारीला मुभा दिली ती अंतरिम आदेशाने. 'सर्वोच्च न्यायालयाने पर्ससीनला मान्यता दिली' असं त्यावरून लिहिणं चुकीचं आहे. तसंच 'एसएलपी (सर्वोच्च न्यायालयातली विशेष अनुमती याचिका) फेटाळली' म्हणजे उच्च न्यायालयाच्या निकालावर शिक्कामोर्तब झालं असं नव्हे. कुन्हायम्मेद वि. केरळ राज्य, (२००० ) ६ एससीसी ३५९ एकदा वाचून काढा, पुढची अनेक विधानं आपोआप सुधारतील.

चॅटबॉटने सुचवलेला खटला मूळ निकाल डोळ्यांनी पाहीपर्यंत अस्तित्वातच नाही असं धरा. न्यूयॉर्कच्या न्यायालयात २०२३ मध्ये असे बनावट खटले उद्धृत केल्याबद्दल वकिलांना पाच हजार डॉलरचा दंड झाला होता. डिझर्टेशनमध्ये दंड होत नाही, पण एक बनावट संदर्भ सापडला की परीक्षक उरलेल्या दोनशेंकडेही संशयाने पाहतात.

लिहायला बसल्यावर

प्रस्तावना आधी लिहू नका. शेवटी काय निघणार हे माहीत नसताना लिहिलेली प्रस्तावना पुन्हा लिहावी लागतेच. आधी कायद्याचं प्रकरण लिहा, मग निकालांचं, मग आदेशांच्या तपासणीचं, त्यानंतर निष्कर्ष आणि अगदी शेवटी प्रस्तावना.

शब्दमर्यादा विद्यापीठाच्या नियमांत पाहा. साधारण पंचवीस हजार शब्दांचं काम धरलं तर प्रस्तावनेला तीन हजार, कायद्याची चौकट पाच हजार, न्यायनिर्णय सहा हजार, प्रत्यक्ष आदेशांची तपासणी आठ हजार, निष्कर्ष व सूचना तीन हजार अशी वाटणी चालते. सर्वसाधारण चूक उलटी असते. 'मासेमारीचा इतिहास : वेदकाळापासून' यात चाळीस पानं जातात आणि मूळ तपासणी बारा पानांत आटोपते.

फुटनोट लिहिता लिहिताच घाला. 'नंतर टाकू' म्हटलेल्या फुटनोटचा परिच्छेद क्रमांक पुढे सापडत नाही. संदर्भ देण्याची ब्लूबुक, ऑस्कोला किंवा इंडियन लॉ इन्स्टिट्यूटची पद्धत, विभाग सांगेल ती एकच शेवटपर्यंत पाळा. मराठी आदेशातला उतारा इंग्रजी प्रबंधात देताना अनुवाद तुमचा असेल तर फुटनोटमध्ये तसं नमूद करा आणि मूळ मजकूर परिशिष्टात जोडा.

सूचनांच्या प्रकरणात 'जनजागृती व्हावी' हे लिहायची फार हौस असते. त्याऐवजी कुणी, कोणत्या कलमात किंवा नियमात, कोणता शब्द घालावा हे सांगा. उदाहरणार्थ, दंडाच्या आदेशाचा ठरावीक नमुना असावा आणि त्यात 'रक्कम ठरवण्याची कारणे' असा वेगळा रकाना असावा. अशा तीन सूचना पुरेत.

पावसाळ्यात लिहीत असाल तर वीज आणि नेटवर्क यांचा भरवसा नाही. रोजची प्रत पेनड्राइव्हवर आणि नेट येईल तेव्हा स्वतःलाच ई-मेलवर पाठवा. फाइलच्या नावात तारीख घाला. 'फायनल', 'फायनल नवीन', 'फायनल फायनल' अशा तीन फायलींतून गाईडकडे चुकीची जाते ती जातेच.

साम्य अहवाल

प्रबंधाचा किती मजकूर आधीच्या लेखनाशी जुळतो हे सांगतो तो साम्य अहवाल. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८ च्या विनियमांनुसार १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला शिक्षा नाही. १० ते ४० टक्क्यांत सहा महिन्यांच्या आतल्या ठरलेल्या मुदतीत सुधारून पुन्हा द्यावं लागतं, ४० ते ६० टक्क्यांत एक वर्ष सादर करता येत नाही, आणि ६० टक्क्यांच्या वर नोंदणीच रद्द होते. मात्र संदर्भ देऊन घेतलेली अवतरणं, संदर्भसूची, आणि कायद्यांचा मजकूर यातून वगळायचा असतो. कायद्याच्या विद्यार्थ्याला हे फार महत्त्वाचं, कारण कलमं उद्धृत केल्यानेच अहवाल फुगतो. आकडा जास्त आला तर घाबरून शब्द उलटेपालटे करत बसू नका. आधी अहवालातला प्रत्येक रंगवलेला उतारा तपासा: कायद्याचा मजकूर असेल तर वगळून पुन्हा तपासणी करायला सांगा, अवतरण असेल तर चिन्हं आणि फुटनोट आहेत का पाहा, आणि खरोखरच दुसऱ्याचं लेखन असेल तर तो परिच्छेद पुस्तक मिटून स्वतःच्या शब्दांत नव्याने लिहा.

सबमिशन आणि व्हायव्हा

ए-४ कागद, बारा पॉइंट, दीड ओळीचं अंतर आणि डावीकडे बाइंडिंगसाठी दीड इंच समास ही बहुतेक ठिकाणची रीत. आपल्या विभागाचं परिपत्रक पाहून खात्री करा. प्रमाणपत्रावर गाईडची सही बाइंडिंगच्या आधी घ्यायची असते. शेवटच्या आठवड्यात गाईड परीक्षेच्या कामात असतात, तेव्हा दहा दिवस आधी वेळ ठरवा. बाइंडिंगला तालुक्याच्या गावी दोन-तीन दिवस लागतात, सबमिशनच्या हंगामात जास्त.

व्हायव्हाला प्रबंधाची स्वतःची प्रत न्या, महत्त्वाच्या पानांना चिठ्ठ्या लावून. सुरुवातीला बहुधा 'तुमचा नेमका प्रश्न काय आणि उत्तर काय मिळालं' असंच विचारतात. हे दोन मिनिटांत, न वाचता सांगता आलं पाहिजे. मग कडेकडेचे प्रश्न येतात. आपल्या उदाहरणात हमखास येणारा : बारा सागरी मैलांच्या पलीकडे पकडलेल्या नौकेवर राज्याचा हा कायदा चालेल का? राज्यसूचीतली २१ वी नोंद मत्स्यव्यवसायाची, संघसूचीतली ५७ वी नोंद प्रादेशिक समुद्राबाहेरच्या मासेमारीची. म्हणजे तपासलेल्या प्रत्येक आदेशात नौका कुठे पकडली याचे अक्षांश-रेखांश नोंदवलेत का, हे तुम्ही पाहिलेलं असायला हवं. पाहिलं नसेल तर 'तपासलं नाही' म्हणा. अंदाजाने दिलेलं उत्तर परीक्षक पुढच्या प्रश्नात उलटवतात.

दुरुस्त्या सांगितल्या तर तिथल्या तिथे पान क्रमांकासह लिहून घ्या आणि गाईडना दाखवून आठवड्याभरात पूर्ण करा. दुरुस्त प्रतीसोबत कोणत्या पानावर काय बदललं याची एक पानी यादी जोडली की विभागातला कारकूनही फाइल अडवून धरत नाही.